पडणे हा केवळ अपघात नव्हे : वार्धक्य, चाल आणि पादत्राणे यांचा छोटा इतिहास

आजी न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचे हाड मोडले, की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘वय झाले, असे व्हायचेच.’ हे वाक्य केवळ घरातले नाही. वैद्यकशास्त्रानेही ते दीर्घकाळ मुकाट्याने मान्य केले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरण पावतात. ‘व्हायचेच’ हा शब्द विज्ञानाने कसा खोडून काढला, हे म्हणूनच जाणून घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टनचे डॉक्टर जे. एच. शेल्डन यांनी १९६० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२ व्यक्तींच्या ५०० पडण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कुठे, कशाला अडखळून, कोणत्या क्षणी पडले, याची त्यांनी एखाद्या निसर्ग-अभ्यासकाच्या चिकाटीने नोंद केली. पडण्यालाही कारणे असतात आणि त्यांचे वर्गीकरण करता येते, हे त्यातून दिसले.

पुढचा टप्पा १९८८चा. अमेरिकेत मेरी टिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५ वर्षांवरील ३३६ व्यक्तींवर वर्षभर लक्ष ठेवले. त्यांतील ३२ टक्के व्यक्ती किमान एकदा पडल्या. झोपेची औषधे, पायांतील अशक्तपणा, तोल व चाल यांतील दोष आणि पावलांच्या तक्रारी हे धोके त्यांनी मोजले. यांपैकी एकही धोका नसलेल्यांत पडण्याचे प्रमाण ८ टक्के होते. चार किंवा अधिक धोके असलेल्यांत ते ७८ टक्क्यांवर गेले. धोके मोजता येतात, तर ते कमी करता येतील, हा विचार येथून बळावला.

त्याची परीक्षा न्यूझीलंडमधील ओटागो येथे झाली. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८० वर्षे व त्यावरील २३३ स्त्रियांचे दोन गट केले गेले. एका गटाला फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन पायांच्या स्नायूंचे व तोलाचे व्यायाम शिकवले. जोडीला चालणेही होते. वर्षभरात या गटात ८८ वेळा, तर दुसऱ्या गटात १५२ वेळा पडण्याची नोंद झाली.

मग नुसते चालणे पुरेसे नाही का? त्याच वर्षी ब्रिटनमधील एका चाचणीने सावध करणारे उत्तर दिले. पूर्वी हाताचे हाड मोडलेल्या स्त्रियांना झपाझप चालण्याचा सल्ला दिला, तेव्हा त्या गटात पडण्याचा धोका उलट अधिक आढळला. चालणे हृदयाला व हाडांना हितकारक आहेच. पण तोल सावरण्याची क्षमता स्वतंत्रपणे कमवावी लागते. २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या आणि व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के घटते, असे दिसले. त्यात तोलाच्या व्यायामांचा वाटा मोठा होता.

पादत्राणांची कथाही अशीच अनपेक्षित आहे. जाड, मऊ तळाचा बूट सुखावह वाटतो. परंतु तळव्याला जमिनीची जी जाणीव व्हायची, ती त्यात बोथट होते. १९९०च्या दशकातील प्रयोगांत पातळ व कठीण तळाच्या बुटांत वृद्धांचा तोल अधिक चांगला राहिला. दुसरीकडे, अनवाणी किंवा नुसते मोजे घालून घरात वावरणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण जास्त आढळले. २०११ साली मेलबर्नमधील चाचणीत पाय दुखणाऱ्या ३०५ वृद्धांपैकी काहींना योग्य पादत्राणे, बुटातील आधार आणि घोट्याचे व पावलांचे व्यायाम यांची जोड दिली गेली; त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले.

हे सारे प्रयोग परदेशातील घरांत झाले. आपल्याकडे चपला उंबऱ्याबाहेर राहतात, मोरी ओली असते आणि बाहेर जाताना पायात टाचेमागे पट्टा नसलेली स्लिपर असते. २०११च्या जनगणनेनुसार भारतात साठी ओलांडलेले १० कोटींहून अधिक लोक होते. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबवलेल्या वार्धक्यविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींना प्रश्न विचारले गेले, आणि त्यांत पडण्याविषयीचेही होते. शेल्डन यांच्या नोंदवहीतला प्रश्न अशा रीतीने आपल्या दारापर्यंत पोहोचला आहे.

उत्तराचा आरंभ मात्र घरातच करता येतो : घरात वापरण्यासाठी टाच धरून ठेवणारी, न घसरणारी वेगळी चप्पल, कोरडी मोरी, आणि डॉक्टर वा फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, हाताशी भक्कम आधार ठेवून केलेला तोलाचा व्यायाम. आजीला ‘रोज चालत जा’ एवढेच सांगून आपली जबाबदारी संपत नाही.