वांगा : खेळातली जादू, कायद्यातला गुन्हा

'व्हॅम्पायर: द मास्करेड' हा टेबलाभोवती बसून खेळायचा अमेरिकन भूमिकाखेळ १९९१ सालचा. त्याच्या पूरक पुस्तकांत रक्तपिपासूंच्या एका जादूविद्येस 'वांगा' हे नाव आहे. हैतीत मात्र वांगा म्हणजे विशिष्ट हेतूने सिद्ध केलेला तोडगा. व्होडू हा पूर्वजांच्या आणि 'ल्वा' या दैवी शक्तींच्या सेवेचा व्यापक धर्म. (अंगात येणे पाहिलेल्यांना ल्वाचा संचार परका वाटू नये.) धर्मास जादू ठरवण्याची चूक खेळाच्या कर्त्यांनी प्रथम केली, असे नव्हे. स्वतंत्र हैतीच्याच १८३५ च्या दंडसंहितेने वांगा आणि व्होडू एकाच कलमात, जादूटोणा म्हणून, दंडनीय ठरवले. १९४१-४२ मध्ये कॅथलिक चर्चच्या मोहिमेत ढोल व पूजावस्तू नष्ट झाल्या. व्होडूला धर्म म्हणून शासनमान्यता मिळाली २००३ मध्ये. खेळ तोवर बारा वर्षांचा झाला होता.