तीन मिनिटांची तबकडी: थेरपिस्टनी स्वतःला ऐकलं त्याची गोष्ट

हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप. बोलतानाचे ‘म्हणजे बघा’ बरेचसे काढलेत, राहिले असतील ते चालवून घ्या.

आजचा विषय एका प्रश्नातून निघाला. माझ्या आयटीतल्या ओळखीचे बरेच जण हल्ली थेरपी घेतात, मोकळेपणाने सांगतातही. आणि कधीतरी विचारतात, समोरचा माणूस कामात चांगला आहे हे ओळखायचं कसं? त्याची डिग्री वीस वर्षांपूर्वीची असेल तर? आमच्या धंद्यात निदान काही सोय आहे. मी लिहिलेला कोड मर्ज व्हायच्या आधी दुसरं कुणीतरी वाचतं, नावं ठेवतं. रात्री सर्व्हर पडलाच तर काय घडलं ते लॉगमध्ये सापडतं. थेरपीच्या खोलीचं दार बंद असतं आणि आत दोनच माणसं. मग तिथला रिव्ह्यू करायचा कुणी?

हा प्रश्न खुद्द फ्रॉइडलाही पडला होता. १९३७ साली, वयाची ऐंशी ओलांडल्यावर, त्याने एक लांबलचक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की मनोविश्लेषकाने साधारण दर पाच वर्षांनी स्वतः पुन्हा विश्लेषण करून घ्यावं, आणि त्यात लाज वाटून घेऊ नये. दिवसभर दुसऱ्यांच्या मनातलं उपसणाऱ्याच्या हातालाही काहीतरी लागतंच, असा त्याचा मुद्दा. कल्पना उत्तम, पण पाळायची सक्ती कुणावर नव्हती.

त्याआधी, १९२० मध्ये, बर्लिनला मॅक्स आयटिंगॉन वगैरे मंडळींनी दवाखाना काढला होता आणि शिक्षणाची तीन पायांची घडी बसवली होती: स्वतःचं विश्लेषण, व्याख्यानं, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली केसेस. या देखरेखीलाच आज सुपरव्हिजन म्हणतात. यात एक गोची होती. सुपरव्हायजर खोलीत नसायचा. शिकणारा नंतर येऊन सांगणार, आठवेल तेवढं आणि सांगावंसं वाटेल तेवढं. म्हणजे बग ज्याने केला त्यानेच तो तोंडी वर्णन करायचा!

आता कार्ल रॉजर्सकडे येऊ. माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल एका यंत्राने घडवला आणि ते यंत्र खोलीत आणण्याचं श्रेय रॉजर्स आणि त्याच्या विद्यार्थ्यांचं.

१९४० मध्ये रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला. तिथे बर्नार्ड कोव्हनर नावाच्या विद्यार्थ्याबरोबर त्याने मुलाखती रेकॉर्ड करायला सुरुवात केली. टेप तेव्हा हाताशी नव्हती. ७८ आरपीएमच्या तबकड्या, आणि एका बाजूवर साधारण तीन मिनिटांचं बोलणं मावायचं. म्हणून दोन यंत्रं शेजारी ठेवायची, एक तबकडी भरत आली की दुसरी सुरू करायची. हिशोब करा, पन्नास मिनिटांच्या एका सेशनला सोळा-सतरा बाजू लागणार. तबकडी कोरताना निघणारा कीस झाडत बसायचं ते वेगळंच. एवढा खटाटोप कशासाठी, तर आपण नेमकं काय बोललो ते ऐकण्यासाठी.

आणि ऐकल्यावर धक्काच बसला. आपण शांतपणे ऐकून घेतो असं समजणारे लोक भलतीकडेच प्रश्न विचारत होते. समोरचा दुःखाच्या काठाशी आलेला असताना विषय बदलत होते, सल्ले देत होते. कोव्हनरने पुढे समुपदेशकांचे लेखी अहवाल आणि रेकॉर्डिंग समोरासमोर ठेवून तपासले. अहवालात जे लिहिलेलं असायचं ते बहुतांशी बरोबर असायचं, पण प्रत्यक्ष बोलण्यातलं खूप काही त्यात आलेलंच नसायचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुणी खोटं बोलत नव्हतं, फक्त गाळत होतं, आणि गाळतोय हे त्याला ठाऊकही नव्हतं.

१९४२ मध्ये रॉजर्सचं ‘काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी’ हे पुस्तक आलं. त्यात हर्बर्ट ब्रायन या टोपणनावाच्या माणसाच्या आठही मुलाखती शब्दशः छापल्या होत्या. संपूर्ण केस अशी अक्षरशः छापली जाण्याची ही पहिलीच वेळ. शिवाय जागोजागी टिपा आहेत आणि त्यांत समुपदेशकाचं कुठे चुकलं तेही लिहिलंय. आजच्या भाषेत, कोड रिव्ह्यूच्या कमेंट्स सगळ्या जगासमोर उघड्या टाकल्या! त्याच वर्षी, रेकॉर्डिंगचा वापर करून तंत्र कसं सुधारायचं यावर त्याने स्वतंत्र लेखही लिहिला.

पण गोष्ट इथे सुखान्त होत नाही. तबकड्या ऐकून विद्यार्थ्यांना कळलं की कुठल्या प्रकारच्या वाक्यावर माणूस मोकळा होतो. मग लोकांनी नेमकी तीच वाक्यं उचलली. समोरचा म्हणाला “मी थकलोय”, की आपण म्हणायचं “तुम्हाला थकल्यासारखं वाटतंय.” पोपटपंचीच झाली ती. रॉजर्सला याचा इतका त्रास झाला की त्याने १९७५ च्या एका लेखात स्वतःच लिहिलंय, हा विपर्यास पाहून सहानुभूतीने ऐकण्याबद्दल बोलणंच त्याने कित्येक वर्षं कमी केलं होतं. टेस्ट कव्हरेजचा आकडा वाढवायला सांगितलं की पोरं कशा टेस्ट लिहितात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिसने दुसरीच वाट धरली. दारच उघडं टाकलं. १९६५ पासून दर शुक्रवारी संध्याकाळी तो प्रेक्षकांसमोर, तिथल्याच कुणा स्वयंसेवकाला समोर बसवून, प्रत्यक्ष थेरपी करायचा. नवशिके बघायला, जुनेजाणते खोड्या काढायला. आपल्याकडचा धागा इथेच जुळतो. मुंबईचे किशोर फडके एलिसशी तीन दशकांहून जास्त काळ पत्रव्यवहार करत होते. एलिसचं म्हणणं नुसतं मान्य न करता शंका काढत, वाद घालत, टपालाने. एलिसच्या संस्थेने त्यांना पुढे सुपरव्हायजर म्हणून मान्यता दिली. विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसांपर्यंत पोचली त्यात या पत्रांचा मोठा वाटा आहे. निरंतर शिक्षण म्हटलं की मला हॉटेलातला सेमिनार आठवत नाही, ही पत्रं आठवतात.

सेमिनारचं युगही आलंच. १९७२ मध्ये सॅम्युअल डुबिनने मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणाचं ‘अर्धायुष्य’ दहा-बारा वर्षांचं असल्याचा अंदाज मांडला, किरणोत्सर्गी पदार्थाचं असतं तसं. पुढे परवाना टिकवायला इतके तास, इतके पॉइंट्स असे नियम ठिकठिकाणी झाले. भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे गेली आणि तिथेही नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षणाचे पॉइंट्स आले. नियम वाईट नाहीत. पण पॉइंट मिळतो तो हजेरीचा. खुर्चीत बसून मोबाइल बघणाऱ्यालाही तेवढाच.

मग अनुभवाने तरी माणूस सुधारतो का? २०१६ मध्ये सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १७० थेरपिस्टच्या ६,५९१ रुग्णांची माहिती तपासली. काही थेरपिस्टची तर जवळपास अठरा वर्षांची. सरासरीने निकाल सुधारत नव्हते, उलट अगदी किंचित घसरत होते. अनुभवी थेरपिस्टकडून मध्येच सोडून जाणारे रुग्ण मात्र कमी होत होते, हेही सांगायला हवं. २०१२ च्या एका पाहणीत १२९ जणांना ‘तुम्ही इतरांच्या तुलनेत कुठे?’ असं विचारलं, तर एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवलं नाही. (हसू नका, डेव्हलपर लोकांना विचारून बघा.)

पण त्याच २०१६ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी काउन्सेलिंग सेंटरचाही अभ्यास आला. १५३ थेरपिस्ट, सात वर्षं. तिथे रुग्ण दर भेटीला आपल्याला कसं वाटतंय ते एका छोट्या फॉर्मवर नोंदवतात, आणि कुठे अडतंय ते बघून त्यावर सल्लामसलत होते. तिथले थेरपिस्ट वर्षागणिक थोडे थोडे सुधारत गेले. फरक फार मोठा नाही, पण दिशा उलटी आहे.

म्हणून ज्यांनी मला सुरुवातीचा प्रश्न विचारला त्यांना मी दोन प्रश्न देतो, पहिल्या-दुसऱ्या भेटीत सरळ विचारायचे. “तुम्ही अजून सुपरव्हिजन घेता का, शेवटचं कधी घेतलंत?” आणि “मला फरक पडतोय की नाही हे तुम्ही कशावरून ठरवता?” विचारताना संकोच वाटेल. आपल्याकडे डॉक्टरांना असं विचारणं म्हणजे आगाऊपणा समजतात. पण काम गंभीरपणे करणारा माणूस यावर चिडत नाही, बऱ्याचदा खूश होऊन पाच मिनिटं बोलतो. आणि तो चिडलाच, तर निदान ते दुसऱ्याच भेटीत कळेल, बाविसाव्या नाही.