कोणता रुपया, कोणती पायली?

"आमच्या वेळी रुपयाला पायल्या-पायल्यांनी ज्वारी मिळायची. आता काय राहिलंय!" परळी वैजनाथच्या कोणत्याही घरात, ऐंशी पार केलेल्या कोणाही माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला मिळते. ऐकणारी मुले मान डोलावतात. त्यांच्या मनात एक चित्र तयार होते: जुना काळ म्हणजे स्वस्ताई आणि सुकाळ.

सांगणारा खोटे बोलत नसतो. पण इतिहास शिकणाऱ्याने अशा वाक्यापाशी थोडे थांबायला हवे आणि तीन प्रश्न विचारायला हवेत. कोणता रुपया? कोणती पायली? आणि तो रुपया मिळवायला किती दिवस राबावे लागे? १९५० च्या आसपासच्या परळीत या तीनही प्रश्नांची उत्तरे आज वाटतात तितकी सरळ नव्हती.

दोन रुपयांचा मुलूख

परळी तेव्हा हैदराबाद संस्थानातल्या बीड जिल्ह्यात होती. कचेरीची भाषा उर्दू, सरकारी कागदावरचा सन फसली (इसवी सनापेक्षा सुमारे ५९० ने कमी), आणि नाणेही संस्थानाचे स्वतःचे. चारमिनारचे चित्र असलेल्या या नाण्याला 'हाली सिक्का' म्हणत. शेजारच्या नगर किंवा सोलापूर जिल्ह्यात मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया चाले. तो 'कलदार'. दोघांतही सोळा आणे आणि आण्याचे बारा पै, पण किंमत सारखी नव्हती. सहा कलदार म्हणजे सात हाली, असा सरकारी दर होता.

हे सहास सात कुठून आले? त्याचा माग चांदीत लागतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम होते आणि त्यात शेकडा ८१.८ चांदी होती. म्हणजे शुद्ध चांदी ९.१४ ग्रॅम. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शेकडा ९१.७ चांदी. म्हणजे १०.६९ ग्रॅम. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा: ०.८५५. आता ६ ला ७ ने भागा: ०.८५७. विनिमयाचा दर चांदीच्या किती जवळ होता ते दिसते.

मोठ्या रकमांचा हिशोब जमून जाई. शंभर कलदार म्हणजे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै. सहा आणे कलदार म्हणजे सात आणे हाली. पण समजा, एखाद्याकडे एकच हाली आणा आहे आणि त्याला कलदार हवा आहे. त्याचे होतात दहा पूर्णांक दोन सप्तमांश पै. दोन सप्तमांश पैचे नाणे जगात कुठेच नव्हते. मग तो तुकडा कोणाकडे राही? मोड देणाऱ्याकडे. शिवाय सराफ वटाव घेई तो वेगळाच. हजारांचा व्यवहार करणाऱ्याला हा तुकडा जाणवत नसे. आण्या-आण्याने जगणाऱ्याला जाणवे.

हा तुकडा लक्षात ठेवा. तो पुढे पुन्हा भेटणार आहे.

संस्थानाच्या सीमेवर मालावर जकातही लागे. त्या खात्याचे नाव करोडगिरी. त्यामुळे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वस्तूच्या दोन किमती असू शकत, आणि त्यातला फरक काही नाण्याचा, काही जकातीचा असे. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात सामील झाले, १९५० मध्ये आर्थिक विलीनीकरण झाले आणि संस्थानाची रेल्वे व टपाल केंद्राकडे गेले. हाली सिक्का मात्र एका रात्रीत गेला नाही. १९५० च्या दशकात तो टप्प्याटप्प्याने बाद झाला. त्यामुळे १९५० ची कोणतीही किंमत कोणी सांगितली, तर पहिला प्रश्न हाच: हाली की कलदार?

मापावरची शीग

कलदार रुपयाचे वजन बरोबर एक तोळा असे, आणि ८० तोळ्यांचा एक शेर. म्हणजे नाणे हेच वजनही होते. समजा, कोणी ८० कलदारांऐवजी ८० हाली रुपये पारड्यात टाकून शेर तोलला असता, तर ९३३ ग्रॅमऐवजी ८९४ ग्रॅमच माल मिळाला असता. चाळीसेक ग्रॅमचा तुकडा गायब!

पण ज्वारी-बाजरी बहुतेक वेळा तोलली जात नसे, मापली जाई. पायली, अधोली, शेर ही आकारमानाची मापे. चार शेरांची पायली हे कोष्टक सगळ्यांना पाठ, पण शेराचे माप गावोगाव सारखे असेलच असे नाही. त्यात माप भरण्याच्या दोन रीती: हात फिरवून सपाट, किंवा वर ढीग येईपर्यंत. त्या ढिगाला शीग म्हणतात. 'शिगोशीग भरलेला' हा शब्दप्रयोग तिथूनच आला.

शीग किती मोठी असते? हे गणिताच्या तासाला करून पाहण्यासारखे आहे. धान्य ओतले की त्याचा शंकू होतो. त्याच्या उताराचा कोन धान्याप्रमाणे साधारण २५ ते ३० अंश असतो. सोयीसाठी शंकूची उंची त्रिज्येच्या निम्मी धरू. आता उभट माप घ्या, ज्याची उंची व्यासाइतकी आहे. हिशोब केला तर शीग मापाच्या एक बारांश भरते, म्हणजे शेकडा आठ. आता पसरट माप घ्या, ज्याची उंची त्रिज्येइतकीच आहे. शीग होते एक षष्ठांश, म्हणजे शेकडा सतरा! सपाट भरल्यावर दोन्ही मापांत सारखेच धान्य मावत असेल, तरी शिगेसकट पसरट मापात बरेच जास्त बसते.

आता याचा अर्थ पाहा. मृग निघाला की बियाणे नसलेला कुणबी सावकाराकडून धान्य उसने घेई आणि खळ्यावर सवाईने किंवा दिडीने फेडी. म्हणजे एक मणाला सव्वा मण किंवा दीड मण. हे व्याज सगळ्यांना माहीत असते. पण देताना माप सपाट आणि घेताना शीग, असे झाले तर सव्वाचे किती होतात? पसरट माप असेल तर सव्वा गुणिले सात षष्ठांश, म्हणजे जवळजवळ दीड. हे व्याज कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. ते मापाच्या तोंडावर असते. मजुरी धान्यात मिळणाऱ्या बाईसाठीही हाच प्रश्न: पायली कोणाची आणि भरणारा हात कोणाचा?

मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला. १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली आणि १९६२ पासून किलोग्रॅमची वजने सक्तीची झाली. पाठ्यपुस्तकात आपण हा बदल 'हिशोब सोपा झाला' असा शिकवतो. तो सोपा झालाच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पारड्यावर शीग लावता येत नाही.

नया पैसा

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. रुपयाचे १०० नये पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. पुन्हा तुकडा! सरकारने कोष्टक छापले: अर्धा किंवा त्याहून कमी भाग सोडून द्यायचा, अर्ध्याहून जास्त असेल तर पुरा धरायचा. त्यानुसार एक आणा म्हणजे ६, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. म्हणजे एक आण्याची वस्तू तीनदा वेगवेगळी घेतली तर १८ नये पैसे, एकदम घेतली तर १९. इथे फुटकळ खरेदी करणाऱ्याचा फायदा दिसतो. पण दुकानदाराने आपल्या वस्तूची किंमतच ७ नये पैसे केली, तर कोष्टक काय करणार? खुद्द पोस्टकार्ड ९ पैवरून ५ नये पैशांवर गेले. ९ पै म्हणजे ४.६९ नये पैसे. म्हणजे केवळ नाण्याच्या गोळाबेरजेने दर शेकडा साडेसहाहून थोडा अधिक वाढला.

नाण्यांचा आकार किमतींना आकार देतो, ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत कोकाकोला १८८६ पासून १९५० च्या दशकापर्यंत पाच सेंटलाच मिळत राहिला. याचे एक कारण असे की, बाटल्या विकणारी यंत्रे पाच सेंटचे एकच नाणे ओळखत. पुढचे सोयीचे नाणे दहा सेंटचे, म्हणजे भाव एकदम दुप्पट. १९५३ मध्ये कंपनीने साडेसात सेंटचे नाणे पाडण्याची विनंती सरकारकडे करून पाहिली; ती मान्य झाली नाही. तिथलेही आजोबा आज सांगतात, "आमच्या वेळी पाच सेंटला कोक मिळायचा!"

किती दिवसांची मजुरी?

म्हणून तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. किंमत पैशांत नको, दिवसांत सांगा.

१९५०-५१ मध्ये भारत सरकारने शेतमजुरांची देशव्यापी पाहणी केली. रोजंदारीवरच्या पुरुषाला सरासरी १ रुपया ९ पैसे आणि बाईला ६८ पैसे रोज मिळत असल्याचे तीत आढळले. हे आकडे भारतीय रुपयातले, आणि देशाच्या सरासरीचे. सात-सहाच्या दराने पुरुषाचा हा रोज सव्वा हाली रुपयाहून थोडा अधिक होतो. म्हणजे 'रुपया रोज' आणि 'सव्वा रुपया रोज' सांगणारे दोन म्हातारे कदाचित एकाच मजुरीबद्दल बोलत असतील.

आता रेडिओ घ्या. त्या काळी रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागे, वर्षाला १५ रुपयांचा. पुरुष मजुराची ही जवळजवळ चौदा दिवसांची कमाई, बाईची बावीस दिवसांची. यात रेडिओची किंमत नाही, आणि वीज नसलेल्या गावात लागणाऱ्या बॅटरीचीही नाही. हा केवळ ऐकण्याचा हक्क. अमेरिकेत १९५४ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ ४९ डॉलर ९५ सेंटला विकायला आला. तिथली कायद्याने ठरलेली किमान मजुरी तेव्हा तासाला ७५ सेंट होती. म्हणजे ६७ तासांत, साधारण साडेआठ दिवसांत, अख्खा रेडिओ. मात्र तिथेही एक मेख आहे. हा किमान मजुरीचा कायदा शेतमजुरांना लागू नव्हता. १९६६ च्या दुरुस्तीने तो त्यांच्यातल्या काहींपर्यंत पोचला. सरासरीच्या आणि कायद्याच्या बाहेर कोण राहिले, हे तिकडेही विचारावे लागते.

मग परळीकडच्या मजुराने गाणी ऐकलीच नाहीत का? ऐकली, पण विकत घेऊन नव्हे, वाटून घेऊन. हॉटेलातल्या किंवा चावडीवरच्या एका रेडिओभोवती पन्नास कान जमले की पंधरा रुपयांचा वाटा आण्यांवर येतो. जत्रेतल्या तंबूतल्या सिनेमाचे आणि तमाशाच्या फडाचे गणितही हेच. त्या काळची करमणूक सार्वजनिक होती, याचे एक कारण हौस आणि दुसरे हे अर्थशास्त्र.

आणि ते काय ऐकत? १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. कोलंबोहून निघालेल्या लघुलहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परावर्तित होऊन मराठवाड्यात उतरत. त्यांना करोडगिरी नव्हती, वटाव नव्हता. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली. गाण्यांची वाट अडवता येत नाही, हे पाच वर्षांत कळले.

वर्गात करून पाहा

मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांशी बोलायला सांगा. जुनी किंमत ऐकली की ती वहीत लिहायची आणि पुढे तीन रकाने आखायचे: नाणे, माप, मजुरी. जो रकाना भरता येणार नाही, तो कोराच ठेवायचा. अंदाजाने भरायचा नाही. जुने पायलीचे माप कोणाच्या घरी असेल तर ते शाळेत आणा. ज्वारी आणि बाजरी आधी सपाट, मग शीग लावून भरा आणि तोलून पाहा. एक प्रश्न आजीला मुद्दाम विचारायला सांगा: तुम्हाला आणि आजोबांना त्याच शेतात, त्याच दिवसाचा रोज किती मिळायचा?

बहुतेक वह्यांत दुसरा आणि तिसरा रकाना कोराच राहील. भाव सगळ्यांना आठवतात. मजुरी आठवते ती जिने ती घेतली तिलाच. म्हणून आजीचे उत्तर आधी लिहून घ्या.