एका दिवसाच्या कामाला तीन दिवस

पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत स्प्रिंट प्लॅनिंगला, म्हणजे पुढच्या फेरीचं काम ठरवण्याच्या बैठकीला बसलात, तर ‘ही स्टोरी (म्हणजे कामाचा एक तुकडा) किती पॉइंटची?’ हा प्रश्न हमखास कानावर पडेल. तीन, पाच, आठ असे आकडे पडतात आणि पुढचे दोन आठवडे त्या आकड्यांच्या धाकात जातात. या पॉइंटचं कूळ शोधायला हवं, कारण त्याचा जन्मच मुळी ‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाचा जाच टळावा म्हणून झाला होता.

1990च्या दशकात अमेरिकेत क्रायस्लर या मोटार कंपनीने पगारपत्रकाची नवी प्रणाली करायला घेतली होती. तिचं नाव सी-थ्री. 1996 साली केंट बेक त्या कामावर आले, त्यांनी रॉन जेफ्रीज यांना बोलावून घेतलं, आणि तिथेच एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग, म्हणजे एक्सपी, ही सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत आकाराला आली. एक्सपीत आधी कामाचा अंदाज सरळ वेळेतच सांगत. मग ‘आदर्श दिवस’ आला. मीटिंग नाही, फोन नाही, कोणी मध्ये टोकत नाही, अशा दिवसांत दोघांची जोडी हे काम किती दिवसांत उरकेल? असा दिवस कोणाच्याच वाट्याला येत नाही, म्हणून त्या आकड्याला एका गुणकाने गुणायचं. हा गुणक साधारण तीन निघे.

एका दिवसाच्या कामाला तीन दिवस का लागतात, हे वरच्या मंडळींना काही केल्या उमगेना. तेव्हा ‘दिवस’ म्हणणंच सोडून दिलं आणि नुसते ‘पॉइंट’ म्हणायला लागलो, असं जेफ्रीज यांनी लिहिलं आहे. आकडे तेच राहिले. त्यांचा उपयोग एवढाच, की पुढच्या फेरीत किती काम घ्यायचं ते ठरवता यावं. मला ही योजना फार शहाणी वाटते. अंदाज काम करणाऱ्यांचा होता आणि त्यांच्याच सोयीसाठी होता.

2002 साली जेम्स ग्रेनिंग यांनी प्लॅनिंग पोकर आणला. अंदाजाच्या बैठकीत दोन जाणकारच बोलत राहतात आणि बाकीचे कंटाळून बसतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून प्रत्येकाने आपला आकडा कार्डावर लिहायचा आणि सगळ्यांनी तो एकदमच दाखवायचा. 2005 साली माइक कोन यांच्या पुस्तकाने ही पद्धत सर्वदूर नेली. 1, 2, 3, 5, 8, 13 हे फिबोनाचीचे आकडेही तिच्याबरोबर रुळले.

आता आपल्याकडचं प्लॅनिंग पाहा. संध्याकाळी क्लायंटची सकाळ उजाडली की कॉल सुरू होतो. नवी मुलगी आठ म्हणते. कार्डं उघडण्याआधीच लीड बोलतो, ‘आठ कशाला? तीनच धर, सोपं आहे.’ शेजारच्या एक्सेलमध्ये कोष्टक तयारच असतं: एक पॉइंट म्हणजे चार तास. तीन पॉइंट म्हणजे दीड दिवस, आणि गुरुवारी विचारणा, ‘अजून झालं नाही?’ जो प्रश्न टाळायला पॉइंट आले, तोच पुन्हा दारात उभा. त्यावर दोन टीमची व्हेलॉसिटी, म्हणजे एका फेरीत पुरे झालेले पॉइंट, शेजारी शेजारी मांडून तुलना होते, अप्रेझलला तोच आकडा निघतो. मग माणसं शहाणी होतात आणि तीनाच्या कामाला पाच लावतात. तक्ता चढत जातो, काम आहे तेवढंच राहतं. मुलांना कामचुकार म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. त्या मुलीचा आठ बहुतेक वेळा खरा असतो, आणि ती का आठ म्हणाली हे विचारणं हाच त्या बैठकीचा सगळा हेतू होता.

कंपन्या पॉइंटसाठी स्क्रम या कार्यपद्धतीचा हवाला देतात. पण स्क्रमची व्याख्या करणाऱ्या स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंटचा उल्लेखसुद्धा नाही. आणि 2019 साली खुद्द जेफ्रीज यांनी लिहिलं, की पॉइंट कदाचित मीच काढले असतील, आणि तसं असेल तर मला त्याचं वाईट वाटतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा स्टोरीचे लहान लहान तुकडे पाडा, हा त्यांचा सल्ला. तुकडे दोन-तीन दिवसांत हातावेगळे होण्याजोगे असले, की किती झाले ते नुसतं मोजलं तरी पुरतं. मी पाहिलेल्या ज्या टीमने हे केलं, तिथल्या कॉलवर आकड्यांची घासाघीस थांबली आणि क्लायंटला आधी काय हवंय, याची चर्चा सुरू झाली.