तीन विसा चार

आमच्या सुप्याच्या बाजारात अंडी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्या पूर्वी विसाच्या पुढं मोजतच नसत. वीस झाली, की एक खडा बाजूला. तीन खडे नि वर चार अंडी, म्हणजे ‘तीन विसा चार’. चौसष्ट हा शब्द तलाठ्याचा! हातापायांची बोटं संपली की विसा भरला, इतका सरळ हिशेब. धनगराची खंडीही वीस मेंढरांची आणि धान्याची खंडी वीस मणांची.

याला अडाणीपणा म्हणू नका. विलायतेतल्या वेल्समध्येही जुनी मोजणी अशीच. चाळीस म्हणजे दोन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. सोळाला ते ‘पंधरावर एक’ म्हणतात नि अठराला चक्क ‘दोन नऊ’!

आपण शिकलेली माणसं मात्र संस्कृताच्या घरची. एकोणीस म्हणजे एकोनविंशति, विसाला एक उणा. जवळ काय आहे ते सोडून कमी काय आहे ते आधी सांगायचं, हा स्वभाव आपला जुनाच! ‘बे एके बे’ मधला बे हा ‘द्वि’च, झिजलेला. सत्तरातल्या ‘स’चा बहात्तरात ‘ह’ झाला. आणि औट? ‘अर्धचतुर्थ’ झिजून झालेला, म्हणजे साडेतीन. पंतोजी छडी घेऊन औटकी पाठ करून घेत. आता औट उरला तो घटकाभराच्या राजापुरता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ आलं, नि महाराष्ट्र खवळला. मंगला नारळीकरांच्या समितीचं म्हणणं साधं होतं. त्रेसष्ट म्हणताना तोंडात आधी तीन येतो, पाटीवर मात्र आधी सहा काढायचा. पोरानं करावं काय? पण लोक म्हणाले, मराठी बुडाली. विधानसभेतसुद्धा टोलेबाजी झाली.

आता जरा कान देऊन ऐका: ‘वीस एक’, ‘तीन विसा चार’. मोठं आधी, सुटं मागाहून. ज्याला आपण परकं म्हणून हाकललं, त्याची चाल आमच्या बाजारातलीच निघाली की!

वेल्सच्या लोकांनी शहाणपणा केला. शाळेतल्या गणिताला नवे सोपे आकडे घेतले, घड्याळाला नि वयाला जुने ठेवले. आपल्यालाही दोन्ही नांदवता येतील. पोराला बेरजेपुरतं ‘साठ तीन’ म्हणू द्यावं. त्रेसष्ट त्याच्या कानावर घालायला घरातली माणसं आहेतच.

एवढंच, की एकवीससाठी आपण इतके भांडलो. तीन विसा चार बाजारातून उठून गेलं, तेव्हा कुणी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.