पंडिता रमाबाई आणि दुर्बलतेचे सामर्थ्य

मनोरच्या आसपासच्या मुलखात ख्रिस्ती धर्माचा इतिहास सांगावयाचा म्हणजे किल्ल्यांपासून आरंभ करण्याची चाल आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली. पुढे अशेरीच्या डोंगरावर, तारापूरच्या किनाऱ्यावर आणि खुद्द मनोरास त्यांची ठाणी बसली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि ते पर्व संपले. तोफा, तह आणि तटबंदी यांचा हा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. परंतु ज्या धर्माच्या नावाने ते बुरूज चढले, त्याच्या मूळ ग्रंथात बळाची फारशी मातब्बरी नाही. करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल आपल्या शरीरात रुतलेल्या एका काट्याची कथा सांगतो. तो काढून टाकावा म्हणून त्याने देवाला तीनदा विनविले. काटा निघाला नाही. मात्र देवाची शक्ती माणसाच्या उणिवेतच पुरी उतरते, असे आश्वासन त्याला मिळाले. हा काटा कोणता याविषयी विद्वानांत एकमत नाही, आणि तसे नसणेच बरे. कारण त्यामुळे ज्याला त्याला त्या जागी आपले व्यंग ठेवता येते.

ह्या वचनाची कसोटी पाहावयाची तर मराठी मुलखातच एक मोठे चरित्र आहे. पंडिता रमाबाईंचे नाव काढले की विधवांचा उद्धार, धर्मांतर आणि त्यावर उठलेले वादळ, एवढे आपल्याला आठवते. त्या कानांनी अधू होत्या आणि त्या अधूपणाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली, ही गोष्ट मात्र बहुधा एका ओळीत उरकली जाते. आम्हांस ती ओळ थोडी सावकाश वाचावी असे वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी मुलीला पाठ दिला. ही सारी विद्या मुखातून कानात आणि कानातून कंठात गेलेली होती. कुटुंबाची उपजीविका पुराण सांगण्यावर चाले. पुढे दुष्काळाने आईवडील आणि बहीण यांना ओढून नेले. भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पायी हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या, आणि तेथील पंडितसभेने त्यांना 'पंडिता' व 'सरस्वती' ही बिरुदे दिली. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. तेविसाव्या वर्षी हाताशी उरले ते एक तान्हे मूल आणि कानांनी मिळविलेली विद्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज काढला. हंटर कमिशनपुढे साक्ष देताना ह्या देशातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांची किती निकड आहे, हे त्यांनी सांगितले. नुसते सांगून त्या थांबल्या नाहीत. आपणच वैद्यकी शिकावी या हेतूने १८८३ साली त्यांनी विलायत गाठली. तेथे बहिरेपणा आडवा आला. ज्याला व्याख्यान नीट ऐकू येत नाही, ज्याच्या कानाला रोग्याच्या छातीतला आवाज लागत नाही, त्याने डॉक्टर कसे व्हावे? तो बेत सोडावा लागला. ज्या कानांनी त्यांना पंडिता केले होते, त्यांनीच ऐन वेळी साथ सोडली.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता येथे चरित्रकाराला मोह होतो, की बाप्तिस्मा झाला आणि दुःख हरपले असे लिहून टाकावे. तसे झाले नाही. कान बरे झाले नाहीत. धर्मगुरूंशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. कोणाची आज्ञा डोळे मिटून मानणे त्यांना कधीच साधले नाही. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, की आपण ख्रिस्ती धर्म आधी स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपल्याला पुष्कळ वर्षांनी भेटला. हा प्रांजळपणा आम्हांस मोलाचा वाटतो.

चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकल्या आणि तेथे संस्कृत शिकविले. १८८६ च्या मार्च महिन्यात फिलाडेल्फियास आनंदीबाई जोशी यांना डॉक्टरची पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई हजर होत्या. स्वतःला बंद झालेले दार दुसरीसाठी उघडताना पाहणे सोपे नसते. तेथून त्यांनी हेवा आणला नाही, काम आणले. पुढल्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, अमेरिकेत साहाय्यक मंडळ उभे राहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

रमाबाईंना ख्रिस्ताच्या कथेत काय सापडले, याचा विचार करताना योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांध माणूस आमच्या डोळ्यांपुढे येतो. शिष्य विचारतात, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आपल्याकडे विधवेला हाच प्रश्न विचारला जात असे आणि उत्तर ठरलेले असे: गेल्या जन्मीच्या पापाने नवरा गिळला. आंधळ्या-पांगळ्यालाही तेच उत्तर मिळे, आणि अजूनही कुठे कुठे मिळते. भोगणाऱ्यालाच अपराधी ठरविणारा तो हिशेब ह्या श्रद्धेने पुसून टाकला. आमच्या मते रमाबाईंचे बळ येथून आले. आपले उणेपण ही शिक्षा नव्हे अशी खात्री पटली, की माणूस कपाळाला हात लावून बसत नाही. आता ह्यातून काय करता येईल, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावास मिळते. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली-बायका त्यांनी आणल्या. उपासमारीने आपले कुटुंब कसे गेले हे त्या विसरल्या नव्हत्या. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १९०० च्या सुमारास, गुजरातेतूनही मुली आल्या. मुक्ती सदनातली वस्ती २,००० च्या घरात गेली. त्यांत आंधळ्या होत्या, आजारी होत्या, म्हाताऱ्या होत्या. अंधांच्या घराला बार्तिमी सदन हे नाव दिले. बार्तिमय हा शुभवर्तमानातला रस्त्याकडेचा आंधळा भिकारी. लोकांनी गप्प बस म्हणून दटावले, तेव्हा तो अधिकच मोठ्याने ओरडला! मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकल्या आणि त्यांनी ती ह्या मुलींच्या बोटांना शिकविली. त्याच १९०० साली अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलर्ड बाईंनी दुष्काळात पोरक्या झालेल्या अंध मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. दादरची ती अंधशाळा पुढे नावारूपास आली. दयेचा घास देऊन हे लोक थांबले नाहीत. अंध मुलीला वाचता आले पाहिजे आणि तिच्या हाताला काम पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

उत्तर आयुष्यात रमाबाईंनी आणखी एक अवघड काम अंगावर घेतले. हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत उतरविले, आणि मुक्तीच्याच छापखान्यात ते छापले गेले. हे काम डोळ्यांचे, बोटांचे आणि सोशिकपणाचे. कानांवाचून ते अडले नाही. पौलाच्या काट्याचे ते पानही ह्याच हातांनी मराठीत आले. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला.

ह्या चरित्राचा एक गैरवापर होऊ शकतो. रमाबाईंनी एवढे केले, मग तू का रडतोस, असे कोणा दिव्यांगाला सुनावणे हा तो गैरवापर. श्रद्धेने व्यंगाला अर्थ लाभतो. शाळेची पायरी त्याने सखल होत नाही. त्यासाठी १९९५ चा आणि नंतर २०१६ चा कायदा करावा लागला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि सरकारी नोकरीत किमान चार टक्के जागा राखल्या. हा हक्क पाड्यापाड्यावरच्या घरापर्यंत नेणे हे आपले काम आहे, देवाच्या माथी मारण्याचे नाही. केडगावातही प्रार्थना होती आणि ब्रेलची पाटीही होती.

ज्या घरात असे एखादे मूल आहे, तेथे आधी कोणाचे पाप हा प्रश्न मिटावा आणि मग त्या मुलाला काय शिकवावे याचा विचार सुरू व्हावा. रमाबाईंच्या ख्रिस्तनिष्ठेशी कोणाचे पटो वा न पटो, एवढे तर कोणत्याही देवाचे नाव घेऊन करता येईल.