पाणी, वारा आणि भरती

विजेचा दिवा लागतांच ती वीज कोणत्या वाटेनें आली, असा प्रश्न घरांत सहसा कोणास पडत नाहीं. वाहतें पाणी, वाहता वारा आणि समुद्राची भरती या तिन्ही शक्ती मनुष्यानें प्रथम धान्य दळण्यास जुंपल्या आणि पुढें त्यांच्याकडून वीज करून घेतली. तिघींचा स्वभाव मात्र भिन्न आहे, आणि प्रत्येकीचें मोलहि निराळें आहे.

पाण्याचा इतिहास मुंबईकरांस जवळचा आहे. गिरण्यांच्या धुरानें शहर काळवंडत असतां सह्याद्रीवर कोसळणारें पाणी अडवून गिरण्या चालवाव्या, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनीं उचलून धरली. ते १९०४ सालीं निवर्तले. त्यांच्यामागें १९१० सालीं कंपनी स्थापन झाली. लोणावळें, वळवण व शिरवता येथील तलावांचें पाणी नळांवाटे सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस उतरविण्यांत आलें, आणि फेब्रुवारी १९१५ मध्यें वीजगृहाचें उद्‌घाटन झालें. चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवून खर्चण्याची सोय, हें जलशक्तीचें मोठें वैशिष्ट्य होय. जलाशय हा जणू विजेचा कणगाच!

परंतु जलाशयाच्या तळाशीं कोणाची तरी शेतें असतात. मुळशीच्या धरणानें मावळांतील अनेक गांवें पाण्याखालीं जाणार हें दिसतांच १९२१ च्या रामनवमीस तेथें सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं मावळे बांधकामावर जाऊन बसले व तुरुंगांत गेले. तरीहि धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह चालूं झालें. मुंबईस प्रकाश मिळाला. त्याची किंमत मावळानें दिली.

वाऱ्यापायीं गांवें बुडत नाहींत. मात्र वारा कोणाच्या आज्ञेंत राहत नाहीं. त्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ति आठपट होते, आणि निम्मा झाला तर अष्टमांशावर येते. डेन्मार्कमधील आस्कोव्ह येथील शिक्षक पॉल ला कूर यांनीं १८९१ सालीं पवनचक्कीपासून वीज निर्माण केली, तेव्हां हीच अडचण त्यांच्यापुढें उभी राहिली. त्या विजेनें पाण्याचें पृथक्करण करून मिळालेला हायड्रोजन त्यांनीं सांठविला व शाळेचे दिवे त्यावर लावले. त्यांचे शिष्य योहान्नेस यूल यांनीं १९५७ सालीं गेडसर येथें २०० किलोवॅटची चक्की उभारली. खनिज तेल स्वस्त असल्यामुळें ती १९६७ सालीं थांबली. परंतु १९७३ च्या तेलटंचाईनें जगास तिची आठवण करून दिली. पुढें सातारा जिल्ह्यांत वनकुसवड्याच्या पठारावरहि अशा चक्क्या फिरूं लागल्या.

भरतीचा स्वभाव वाऱ्याच्या उलट आहे. ती चंद्रसूर्यांच्या आकर्षणानें येत असल्यामुळें तिचें वेळापत्रक कित्येक वर्षें आधीं मांडतां येतें. पण तिची वेळ रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरते, आणि माणसाच्या कामाच्या वेळा तशा सरकत नाहींत. शिवाय पुरेशी उंच भरती आणि बांध घालण्याजोगी खाडी एकत्र मिळणें दुर्मिळ. फ्रान्समध्यें सेंट मालोजवळ रांस नदीच्या मुखाशीं असा योग जुळून आला. तेथें पूर्वीं भरतीवर पिठाच्या चक्क्या चालत. १९६६ सालीं २,४०,००० किलोवॅटचें वीजगृह सुरू झालें. २०११ सालीं दक्षिण कोरियांत सिहवाचें केंद्र होईपर्यंत तें या प्रकारांत जगांत सर्वांत मोठें होतें. बांधकामाच्या काळांत खाडी सुमारें तीन वर्षें समुद्रापासून तोडली गेली, आणि तेथील जलचरांची मोठी हानि झाली. येथेंहि किंमत चुकली नाहीं.

मग श्रेष्ठ कोण? या प्रश्नास डेन्मार्क व नॉर्वे यांनीं व्यवहारानें उत्तर दिलें आहे. १९७६-७७ मध्यें त्यांनीं समुद्रतळांतून वीजवाहिन्या टाकल्या. डेन्मार्कमध्यें वारा जोरांत असतां नॉर्वे त्याची वीज घेतो व आपलें पाणी राखून ठेवतो. वारा पडला कीं तें पाणी कामास येतें. एकाची चंचलता दुसऱ्याच्या सांठ्यानें झांकली जाते.

तिन्ही शक्तींचा मूळ पुरवठा निसर्ग फुकट देतो. ती पकडण्याची जागा मात्र फुकट नसते. म्हणून कोणतीहि योजना तोलतांना किलोवॅटांचे आंकडे एका पारड्यांत घातले, तर दुसऱ्यांत मुळशीचीं शेतें घालण्यास विसरूं नये.